पेडलवर कोण

व्याही हा चार दिवसांचा पाहुणा असतो, अशी माझी समजूत होती. आमचे विष्णुपंत नागपूरहून सहा महिन्यांच्या व्हिसावर इंग्लंडला आले, आणि आल्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी माझ्या मुलाच्या जीपखाली डोकं घालून पडलेले मला दिसले.

जीप म्हणजे काही खरी जीप नव्हे. आमच्या पिढीच्या माणसाला उंच चाकांची, चौकोनी तोंडाची कुठलीही गाडी जीपच. ही वेल्समधल्या कुणा शेतकऱ्याकडे मेंढ्यांचा चारा वाहून म्हातारी झाली होती. माझ्या मुलाने, वरदने, ती ट्रेलरवर घालून कॉव्हेंट्रीला आणली आणि स्वतःच्या घरासमोरच्या ड्राइव्हवर, गाडी लावायच्या मोकळ्या जागेत, उभी केली. खालची चौकट गंजलेली, दारं लागायची नाहीत, मागच्या सीटखाली गवत उगवलेलं. शेजारच्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात, ही आता इथेच राहणार का, असं हसत हसत विचारून घेतलं.

वरद कौन्सिलमध्ये प्लॅनिंग खात्यात आहे. दिवसभर लोकांच्या घरांचे नकाशे बघतो. पान्याशी त्याचा काही संबंध नाही. माझा आहे. मी या गावात सगळी नोकरी मोटारींच्या कारखान्यात केली, आणि तीही ब्रेकच्या टेस्टिंगमध्ये. आता रिटायर आहे, गुडघे शाबूत आहेत, हत्यारांची पेटी तेलपाणी करून ठेवलेली आहे, आणि वरदचं घर आमच्यापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. गाडी आली त्या दिवसापासून मी फोनची वाट बघत होतो. बाबा, जरा येऊन बघता का. एवढंच म्हणायचं होतं त्याने.

फोन आला नाही. विष्णुपंत आले.

विष्णुपंत आयुष्यभर बँकेत मॅनेजर होते. गाडीतलं त्यांना इतकंच कळतं, की तेल कुठून भरतात. ही डिझेलवर चालते, हे सुद्धा त्यांना वरदनेच सांगितलं. पण माणसाचा उत्साह विचारू नका. मुलीने, म्हणजे आमच्या सूनबाईंनी, वैभवीने, त्यांना एक निळा डगला आणून दिला होता. तो चढवून ते सकाळी नाश्ता झाला की ड्राइव्हवर हजर. "हे काय आहे जावईबापू? हे कायले लावून राहिले?" आणि माझा मुलगा, जो माझ्याशी फोनवर धड दोन वाक्यं बोलत नाही, तो गाडीखालून त्याच्या मोडक्यातोडक्या मराठीत सगळं समजावून सांगायचा. "पप्पा, हे स्प्रिंग जुनी आहे. नवीन स्प्रिंग मोठा आहे, त्यामुळे गाडी वर उचलणार."

मी रोज संध्याकाळी फिरायला जातो. पूर्वी पार्कात जायचो. आता वरदच्या गल्लीतून जायला लागलो, कारण त्या बाजूला चढ आहे आणि चढ हृदयाला चांगला असतो.

"जळताय," मी घरी परतलो की नाही तोच स्वयंपाकघरातून आवाज आला. मधुमती, माझी बायको, कणीक मळत होती.

"कोण?"

"तुम्हीच. वास येतोय मला इथपर्यंत."

"मी कशाला जळू? दोघं मिळून भंगाराला रंग देतायत. देऊ देत."

"मग जाऊन बसा की त्यांच्यात."

"बोलावल्याशिवाय?"

"मुलाच्या घरी जायला आमंत्रण लागतं होय," ती म्हणाली आणि कणकेला एक गुद्दा घातला.

लागतं. मी वरबाप आहे. लग्नात सीमांतपूजनाला याच विष्णुपंतांनी मला पाटावर बसवून, उपरणं देऊन, हात जोडले होते. आमच्या आजोबांच्या वेळी मुलीचा बाप मुलीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसे. यांनी पहिल्याच दिवशी दोनदा भात मागून घेतला. त्याचंही मला काही नाही, खाऊ देत. पण मुलगा माझा होता. तो डोळ्यांदेखत दुसऱ्याचा होत चालला होता, आणि तोही अशा माणसाचा, ज्याला स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा ते दर वेळी विचारावं लागतं. मला हेवा वाटत होता. रात्रीचं जेवण जाईना इतका वाटत होता.

उन्हाळा लागेपर्यंत गाडी ओळखू येईनाशी झाली. चौकटीला नवीन पत्रे लागले, मोठी चाकं आली, पुढे गाडी ओढून काढायला विंच बसला. बाजूने एक काळा पाइप छपरापर्यंत गेला. नदीतून जाताना इंजिनाला वरून हवा मिळावी म्हणून तो असतो, असं विष्णुपंतांनीच मला शिकवलं. आमच्या शहरातली नदी मधल्या भागात जमिनीखालून नेलेली आहे. बेत असा होता, की एमओटी, म्हणजे इथली गाडीची वार्षिक तपासणी, पास झाली की पप्पांना पुढच्या सीटवर बसवून स्कॉटलंड दाखवायचं, ग्लासगोच्याही वर, डोंगरातल्या कच्च्या रस्त्यांनी. ते परत जायच्या आत. मागच्या सीटवर कोण बसणार, याची चर्चा माझ्यासमोर झाली नाही.

राहिला होता फक्त ब्रेक. गाडी उंच केली की ब्रेकच्या जुन्या नळ्या अपुऱ्या पडतात. त्या बदलल्या की आत हवा शिरते, आणि ती हवा काढल्याशिवाय ब्रेक लागत नाही. हे काम दोन माणसांचं. एकाने वर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली चाकाजवळचा नट उघडून बुडबुडे बाहेर जाऊ द्यायचे, नट बंद करायचा, मग वरच्याने पेडल सोडायचं. नट उघडा असताना वरच्याने पाय काढला, की गेलेली हवा परत आत येते आणि सगळं मुसळ केरात. एकट्याने करायचं किटही मिळतं. वरदला ते माहीत नसेल असं नाही. पण मग पप्पांना काम काय उरलं असतं?

त्या शनिवारी मी चढावरून आलो तेव्हा कुंपणाच्या कोपऱ्यापाशी मला आवाज ऐकू आले.

"दाबा, पप्पा."

"दाबलं बापू."

"धरा. ओके, ओपन."

थोड्या वेळाने, "क्लोज्ड. सोडा."

"सोडलं."

पुन्हा दाबा, पुन्हा धरा. एका तालात चाललं होतं दोघांचं. ती माझी जागा होती. ब्रेकच्या कामात, या गावात, माझ्या मुलाबरोबर, माझी जागा. मला तिथे उभं राहवेना, म्हणून मी पुढे झालो. मनात दुसरं काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो.

विष्णुपंतांनी मला पाहिलं. ड्रायव्हरच्या बाजूचं दार काढून ठेवलेलं होतं, त्यामुळे मी एकदम समोरच आलो. मुलीचा बाप बसलेला आणि वरबाप उभा, हे त्यांच्या रक्ताला सोसण्यासारखं नव्हतं. "अरे, या या ईवाईसाहेब," असं त्यांच्या नागपुरी भाषेत व्याह्याला म्हणत ते तडक गाडीतून उतरले आणि दोन्ही हात जोडून उभे राहिले.

खालून वरद ओरडला, "नो, नो, नो. पप्पा!"

हवा परत आत गेली. सकाळपासूनचं काम वाया. वरद बाहेर आला, बाहीवर ब्रेकचं तेल सांडलेलं, आणि तरी हसला. "इट्स ओके. पप्पा, नट ओपन असला की पाय नाही काढायचा. कोणी पण आला तरी."

"पण ईवाई आले तर बसून कसा राहू मी?" विष्णुपंत म्हणाले. त्यांना ते खरंच समजत नव्हतं.

वरद माझ्यावर रागावला असता तर मला चाललं असतं. पण त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. सासऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवून तो त्यांना पुन्हा पहिल्यापासून समजावत बसला. माझ्या हाताखाली कुणी असा पाय काढला असता, तर त्याला मी दुसऱ्या दिवशी खात्यात दिसू दिलं नसतं.

पुढच्या शनिवारी मी कोपऱ्यावर जरा थांबलो.

यात वाईट काय? माणूस चढ चढून येतो, त्याला दम लागतो. मी दम खाल्ला, वरदचं "ओके, ओपन" ऐकलं आणि मग चालू लागलो. विष्णुपंतांनी या वेळी बसून राहण्याचा खूप प्रयत्न केला. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं, मान लववली. मी अगदी जवळ जाऊन, झुकून, दोन्ही हात जोडून म्हणालो, "नमस्कार विष्णुपंत, कशी आहे प्रकृती?" वरबाप आपण होऊन वाकला म्हटल्यावर त्यांचा धीर सुटला. ते उठले.

त्यानंतरच्या खेपेला मी मधुमतीला बरोबर नेलं. तिला म्हटलं, बेसनाचे लाडू केलेस ते नेऊन देऊ या. तिला बिचारीला काय माहीत. वरमाय डबा घेऊन समोर उभी राहिल्यावर नागपूरचा माणूस पेडलवर पाय ठेवून बसल्याबसल्या डबा घेईल का? उतरले, डबा घेतला, कपाळाला लावला. गाडीखालून नुसता पाना खाली ठेवल्याचा आवाज झाला.

एमओटीची तारीख पुढे ढकलावी लागली. मग स्कॉटलंड रद्द झालं, कारण विष्णुपंतांचं विमान गुरुवारचं होतं. मला वाईट वाटायला हवं होतं. पण त्या आठवड्यात मला झोप फार छान लागली.

रविवारी दुपारी फोन आला. "बाबा, फ्री आहात का? पेडलवर कोणीतरी पाहिजे. पप्पा म्हणतात, तुम्हाला विचारायला."

शेवटचं वाक्य मी ऐकलं नाही, असं धरून चाललो. धुतलेला शर्ट काढून जुना घातला, मग जुना फारच जुना वाटला म्हणून परत बदलला.

"चेहरा बघा जरा आरशात," मधुमती म्हणाली. "लग्नाला निघाल्यासारखा झालाय."

ड्राइव्हवर पोचलो तेव्हा विष्णुपंत पार लांब, हिरवळीवर घडीची खुर्ची टाकून बसले होते. अंगात डगला नव्हता. साध्या शर्टात होते, इस्त्री केलेल्या. मला पाहून ते उठले, हात जोडले आणि तिथूनच म्हणाले, "या ईवाईसाहेब. हे तुमचंच काम होतं. माझ्या पायाला यश नाही. पोराचा सगळा उन्हाळा वाया घालवला मी."

"अहो, असं काय," मी म्हणालो आणि गाडीत चढून बसलो. आत बसल्यावर मला जे वाटलं ते लपवण्यात अर्थ नाही. आनंद वाटला. पायाखाली पेडल होतं आणि खाली माझा मुलगा होता.

"दाबा, बाबा."

"दाबलं."

"धरा. ओके, ओपन. क्लोज्ड. सोडा."

"सोडलं. मागच्या डाव्या चाकापासून सुरू केलंस ना? सगळ्यात लांबचं चाक आधी घ्यायचं असतं."

"हो बाबा."

"आणि वरच्या डबीत तेल कमी होऊ द्यायचं नाही."

"बाबा. फक्त दाबा."

मी दाबत राहिलो. मागचं डावं झालं, मागचं उजवं झालं, पुढचं डावं झालं. दर चाकागणिक पेडल टणक लागायला लागलं. इतक्या वर्षांनी पायाला ते ओळखू आलं. शेवटचं चाक माझ्याच बाजूचं होतं. वरद माझ्या पायाखाली, हातभर अंतरावर आडवा झाला. गाडी उचललेली असल्यामुळे त्याला आता आरामात मान वळवता येत होती.

"दाबा."

"दाबलं."

"धरा. ओके, ओपन. आता सोडू नका बाबा."

"मला सांगतोस? तीस वर्षं..."

"आय नो. तुम्हाला माहीत आहे. तेच म्हणतो मी." त्याचा आवाज चढलेला नव्हता. "बाबा, गाडी उंच झाला ना, तर इथून सगळं दिसते. ड्राइव्ह, फुटपाथ, कुंपणचा कोपरा. मला तुमची शूज दिसते."

मी पेडलवरच्या माझ्या बुटाकडे पाहिलं.

"तुम्ही कोपऱ्यात उभा होता. दाबा म्हटलं, तुम्ही हललं नाही. धरा म्हटलं, हललं नाही. मी ओपन म्हटलं की मग तुम्ही चालायला लागले. पहिल्या वेळी वाटलं, चान्स. नंतर नाही."

"वरद, पाय भरून आलाय माझा."

"धरा. नट ओपन आहे."

मी धरलं. समोर हिरवळीवर विष्णुपंतांची खुर्ची रिकामी होती. ते घरात गेले असावेत.

"त्यांना सांगितलंस?" मी विचारलं.

"नाही. काय सांगू? त्याला वाटते, त्याचं पाय खराब आहे. काल वैभवीला म्हणाले, मी आता गाडीला हात लावणार नाही. डगला धुवून घडी करून ठेवला." तो थांबला. "ही वॉज सो हॅपी, बाबा. एवढं काही नव्हतं मागत तो. फक्त पुढे बसायचं होतं त्याला."

मला राग आला. सगळ्यांचा आला. "मग मला का नाही विचारलंस पहिल्यापासून? मी कोण आहे? ब्रेकमध्ये आयुष्य गेलं माझं, आणि तू त्या बँकवाल्याला..."

"तुम्ही आला असता तर तुम्ही इथे खाली असता," वरद म्हणाला. "आणि मी वर. मी लहानपणापासून पेडलवरच आहे, बाबा. तुम्ही मला कधी खाली येऊ दिलं? मी पाना धरला की तुम्ही म्हणायचे, आण इकडे. पप्पाला काही येत नाही. म्हणून मला सगळं करायला मिळालं."

खरं होतं. पाय पोचत नसत, तेव्हा मी त्याच्या पाठीशी उशी देऊन त्याला बसवत असे. शनिवारभर. दाब, धर, सोड. मला वाटायचं, पोरगा किती शहाणा, एकदासुद्धा चुकत नाही. तो कंटाळला असेल, किंवा त्याला खाली काय चाललंय ते बघायचं असेल, हे मला आजपर्यंत सुचलं नव्हतं.

दारातून विष्णुपंत येताना दिसले. दोन्ही हातांत मिळून एकच कप, बशीत सांडू नये म्हणून पावलं जपून टाकत. हा माणूस गुरुवारी जाणार होता, आणि नागपुरात सगळ्यांना सांगणार होता, की आपल्या पायामुळे जावयाची गाडी बिघडली. माझ्या मुलाला माझ्याकडून कधी मिळालं नाही ते उन्हाळाभर या माणसाने दिलं होतं, आणि याचा पेडलवरचा आनंद मी काढून घेतला होता. आणि तो मला चहा आणत होता.

आयुष्यात पहिल्यांदा मुलीच्या बापासाठी उठून उभं राहावं, असं मला मनापासून वाटलं. मी सीटवर पुढे सरलोही.

"सोडू नका," खालून वरद म्हणाला.

विष्णुपंत गाडीपाशी आले आणि त्यांनी कप पुढे केला. "बसा, बसा ईवाईसाहेब. उठून नका राहू. उठलं की हवा आत शिरते. मले आता समजलं ते. माझ्याच चुकीनं समजलं."

मी दोन्ही हातांनी कप घेतला. चहात वेलदोडा होता. ते माझ्याजवळ उभे होते, हात पाठीमागे बांधून, माझा पाय पेडलवर कसा आहे ते नीट बघून घेत. चूक त्यांची नव्हती, माझी होती, हे सांगायला मी तोंड उघडलं. पायात गोळा आला होता, आणि नट अजून उघडाच होता.